कासवभाऊ

मोर्शी तालुक्यात ज्याच्याजवळ वावर आहे त्याच्या गोठ्यात काही ना काही बांधलेलं असतंच. पंचाईत होते ती नोकरीपायी किंवा मुलांच्या शाळेपायी गावात दोन खोल्यांत राहायला आलेल्या माणसाची. गोठा सुटला तरी चारा टाकायची सवय सुटत नाही. कुत्रं ठेवावं तर घरमालकाच्या कपाळावर आठ्या, मांजर शेजारच्या दुधाशी इमान राखत नाही, आणि पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे हे आता पोरंच शाळेतून ऐकून येतात. मग अमरावतीला लग्नाच्या खरेदीला गेलेला हा गृहस्थ एका दुकानापुढे थबकतो. काचेच्या वाडग्यात, प्लॅस्टिकच्या नारळाच्या झाडाखाली, दहा रुपयांच्या नाण्याहून जरासं मोठं हिरवं पिल्लू मान वर करून बघत असतं. डोळ्यामागे लाल पट्टा. त्या क्षणी कासवभाऊ जन्माला येतात, आणि वाडगं मांडीवर धरून मोर्शीपर्यंत सगळ्या बसला एकच वाक्य ऐकवतात, "इतकुसं त आहे भाऊ, जागा कितीक लागते त्याले?"

कासवभाऊ दुष्ट नाहीत, हे आधी मान्य केलं पाहिजे. वाडगं ते टीव्हीशेजारी ठेवतात, उत्तर दिशा धरून, कारण तिथून लक्ष्मी येते असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. कासवाचं नावही लक्ष्मीच ठेवतात. ते नर निघण्याची शक्यता त्यांच्या मनाला शिवत नाही. पोळीचा तुकडा, भाताचं शीत, एकादशीला साबुदाणा असा त्याचा यथासांग पाहुणचार होतो. आल्यागेल्याला चहाआधी कासव दाखवतात. कासवी आपल्या पिलांना नुसत्या नजरेनं पोसते, ही कल्पना आपल्या संतांनी दृष्टांत म्हणून वापरली. कासवभाऊंनी ती पालनाची पद्धत म्हणून उचलली आहे. तेव्हा उणीव मायेची नाही. चूक हिशेबाची आहे, आणि ती एकच आहे: विकत घेतलेल्या दिवशीचं माप ते कायमचं माप समजतात.

नवल याचं वाटतं की हा हिशेब शिकवायला मोर्शीइतकं लायक गाव दुसरं नाही. संत्र्याचं कलम लावताना जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेली ती काडी हातभर असते, तरी इथला शेतकरी दोन कलमांत अठरा-वीस फुटांचं अंतर सोडतो. काडी बारीक आहे म्हणून दोन-दोन फुटांवर लावली, तर अख्खं गाव त्याला वेड्यात काढेल. कलम लावणारा आजचं झाड मोजत नाही, बहार धरलेलं झाड मोजतो. हाच माणूस कासवापुढे उभा राहिला की त्याची शेती त्याला सोडून जाते. लाल कानाचं म्हणजे रेड इअर्ड स्लायडर हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. त्याची मादी वाढून पंचवीस सेंटीमीटरची, क्वचित तीसचीही होते. नर थोडा लहान. नीट सांभाळलं तर तीस वर्षं जगतं. म्हणजे भाऊंनी त्याच साली लावलेली संत्र्याची बाग म्हातारी होऊन तोडायला येईल, तेव्हाही लक्ष्मी टीव्हीशेजारी मान वर करून बघत असेल. टीव्ही मात्र चार वेळा बदललेला असेल.

जागेचा हिशेब मांडून पाहू. कासव पाळणाऱ्यांत एक ठोकताळा चालतो: पाठीच्या दर इंचाला सुमारे अडतीस लिटर पाणी. दहा इंचांच्या मादीला झाले तीनशे ऐंशी लिटर. पाच फूट लांब, दोन फूट रुंद अशी काचेची टाकी तिला लागते, आणि एका लिटरचं वजन एक किलो, म्हणजे नुसतं पाणीच पावणेचार क्विंटलच्या वर गेलं. तुरीची पोती असती तर भाऊंनी ती टीव्हीच्या फळीवर रचली नसती. शिवाय टाकीत कोरडी जागा हवी, कारण हे कासव पाण्यात राहत असलं तरी रोज तासन्‌तास बाहेर येऊन अंग शेकतं. त्या उन्हातल्या अतिनील किरणांशिवाय त्याची पाठ आणि हाडं नीट घडत नाहीत. आणि खिडकीची काच नेमकी तेच किरण अडवते, म्हणून "खिडकीपाशी ठेवलं आहे ना" हे उत्तर चालत नाही. घरात ठेवायचं तर त्यासाठी खास दिवा घ्यावा लागतो. अंगणात ठेवायचं म्हटलं तर वऱ्हाडातला मे महिना आहे: पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पंधरा लिटरचा टब दुपारपर्यंत तापतो आणि आतल्या जिवाला सावलीत सरकायला जागाच नसते. गाळणयंत्राशिवाय पाणी दोन दिवसांत वास मारतं. ते बदलायचं काम कासवभाऊ करत नाहीत, वहिनी करतात. या छंदाचा खरा इतिहास त्यांनाच विचारावा, पण त्यांना कुणी विचारत नाही.

यावर भाऊंची उत्तरं तयार असतात. पहिलं असं, "थ्याचं घर थ्याच्या पाठीवरच आहे." पाठ हे घर नव्हे, तो त्याचा सांगाडा आहे, बरगड्या आणि कणा त्यातच जुळलेले असतात. पाठीवर घर आहे म्हणून कासवाला जागा नको, तर छातीत पिंजरा आहे म्हणून माणसाला खोली नको. दुसरं उत्तर जास्त शहाणं वाटतं: कासव टाकीएवढंच वाढतं, टाकी लहान ठेवली की तेही लहान राहतं. हे दुकानदार सांगतो आणि गावभर फिरतं. कोंडलेलं, अर्धपोटी कासव खुरटतं हे खरं. पण ते आजारीपण आहे. पाठ वाकडी होते, अ जीवनसत्त्वाअभावी डोळे सुजून मिटतात, आणि भाऊ पाहुण्यांना सांगतात, "झोपायले लागली लक्ष्मी." तिसरं उत्तर पोरांचं. मुलांना जिवाची माया लागते म्हणे. लागते खरी, पण कासवाच्या अंगावरून आणि पाण्यातून साल्मोनेलाचे जंतू मुलांच्या पोटात जातात. अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान पाठीचं कासव पाळण्यासाठी विकायला बंदी घातली ती त्याचपायी, कारण लहान मुलं तेवढं पिल्लू सरळ तोंडात घालत. जे इतकुसंपण बघून भाऊ भुलले, त्याच इतकुसंपणावर त्या देशानं कायदा केला.

चौथा आक्षेप वजनदार आहे, कारण तो आज्याच्या नावानं येतो: पूर्वी विहिरीत कासव सोडत, पाणी निर्मळ राहतं म्हणत, तेव्हा कुणी कायदा काढला नाही. आज्याच्या बाजूनं एवढं बोललं पाहिजे की त्यानं कासवाला पंधरा-वीस फूट व्यासाची विहीर दिली. नातवानं वाडगं दिलं. पण दिवस बदलले. आपल्या नदीतलं मऊ पाठीचं कासव असो की चांदण्यांच्या नक्षीचं तारा कासव, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. ते पकडणं, विकणं, घरात ठेवणं यांना तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजारांचा दंड आहे. वाढदिवसाची भेट होती, ही सबब चालत नाही. वीस-एकवीस नखांच्या कासवानं गुप्तधन सापडतं असं सांगत फिरणारी टोळी वेगळीच. तिच्या नादी लागलेल्याला धन सापडत नाही, पोलीस सापडतात.

आता कासवभाऊंच्या चरित्रातला शेवटचा अध्याय. वाडग्यातून लक्ष्मी टोपल्यात, टोपल्यातून बाळाच्या टबात, टबातून गच्चीवरच्या जुन्या टाकीत जाते. दर बदलीला भाऊ बढती समजतात. चौथ्या-पाचव्या वर्षी ती बोटाला चावते. मग भाऊंना अचानक भूतदया आठवते. पिशवीत घालून, नारळ घेऊन, ते सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणावर जातात आणि पाण्यात सोडून हात जोडतात. "मोकळं केलं बापा, पुण्याचं काम झालं." हे पुण्य नाही. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत हे कासव आहे. युरोपीय संघानं १९९७ सालीच त्याची आयात बंद केली. ते चिवट असतं, मिळेल ते खातं, आणि ऊन शेकायचे दगड व अन्न यांवर आपल्या कासवांशी झगडतं. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात असं सोडलेलं कासव मिळालं आहे, तसंच केरळातही. ज्या पाण्यावर अमरावती शहराची तहान भागते आणि ज्याला लोक कौतुकानं नल-दमयंती सागर म्हणतात, तिथे भाऊंनी आपली अडगळ ठेवली, एवढंच झालं. धरण मोठं आहे हा युक्तिवाद तेव्हा करतात, आणि गंमत अशी की जागेचं महत्त्व त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पटतं ते या क्षणी.

मग दोन खोल्यांतल्या माणसानं कासव पाळूच नये का? बहुतेकांनी पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला पाळायचंच आहे त्यानं संत्र्याच्या हिशेबानं चालावं: आधी पूर्ण वाढीची टाकी, दिवा आणि गाळणयंत्र, त्यांचं वजन पेलणारी जमीन, मग कासव. टाकी आणून महिनाभर नुसतं पाणी बदलून बघावं. त्यात वहिनींची कंबर आणि भाऊंचा उत्साह दोन्ही टिकले तरच पुढे जावं. मस्क टर्टलसारखी दहा-बारा सेंटीमीटरवर थांबणारी कासवं जगात आहेत, पण तीही परदेशी आणि तीही दीर्घायुषी. पावती आणि कागदपत्रं नसतील तर दुकानातून बाहेर पडावं. नुसती लक्ष्मीच हवी असेल तर पितळेचं कासव मिळतं, ते वाढत नाही. आणि ज्याच्या घरी जिवंत लक्ष्मी आधीच मोठी झाली आहे त्यानं ती ना धरणात सोडावी, ना विहिरीत, ना महादेवाच्या टाक्यात. पदरमोड करून मोठी टाकी घ्यावी. तेही जमत नसेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून पुढचं विचारावं.