अठरा कॅरेटची खुर्मी

कुत्रं फिरवणाऱ्याला गाठणारी माणसं तुम्हाला ठाऊकच आहेत. ‘चावतो का?’ असं विचारून उत्तर यायच्या आत हात पुढे करणारे. ‘मला कुत्री काही करत नाहीत’ म्हणत कुत्र्याच्या तोंडाजवळ तोंड नेणारे. ‘दूध पी, नाहीतर हा कुत्ता तुला घेऊन जाईल’ असं आमच्या कुत्रीच्या, खुर्मीच्या वतीने परस्पर कबूल करून टाकणाऱ्या आया. आणि पट्टा ताणलेला दिसला की ‘मुक्या जिवाला बांधता कशाला’, सैल दिसला की ‘जरा बांधून ठेवा हो’ म्हणणारे एकच गृहस्थ, तेही एकाच फेरीत. असले लोक पुण्यात भेटतील, नागपुरात भेटतील, न्यू जर्सीतही भेटत असतील. काका मात्र रायपूरच्या सदर बाजारातच व्हायचे.

काकांनी पहिल्या भेटीत ना माझं नाव विचारलं, ना खुर्मीचं. बंद दुकानाच्या ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, तिला शेपटीपासून नाकापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “काय भाऊ, प्युअर आहे का?”

मी म्हटलं, “देशी आहे काका.”

“ते दिसून राहिलं. घट किती आहे ते विचारतो.”

ज्यांनी आमचा सदर बाजार पाहिला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. कोतवालीकडून आत शिरलात की दोन्ही अंगांना सोन्याचांदीची दुकानं लागतात. मधे जैन मंदिर, गोपाल मंदिर, आणि पुढे गेलं की सत्ती बाजार. दिवसा इथून कुत्रं तर सोडाच, स्वतःचे दोन्ही खांदे एकदम नेणंही मुश्कील. म्हणून आम्ही शटरं उघडायच्या आत एक चक्कर मारून बूढा तालाबाच्या बाजूला सटकतो. त्या वेळी रस्त्यावर देवळात निघालेली माणसं असतात, दूधवाले असतात, दुकानांपुढची धूळ झाडून नेणाऱ्या बाया असतात आणि काका असतात. काकांचा जन्म तात्यापाऱ्यातला, शाळा माधवराव सप्र्यांच्या नावाची, आणि सगळी नोकरी सदरमधल्या एका पेढीवर कसोटीचा दगड घेऊन सोनं पारखण्यात गेलेली. सप्रे मराठी घरातले. टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेलं. काका हे सांगतात आणि लगेच पुस्ती जोडतात, “त्यांनी गीता पारखली, आपण सोनं पारखलं. शाळा एकच.”

तर घट. आयुष्यभर समोर येणाऱ्या प्रत्येक वस्तूत तांबं किती, हे पाहिलेल्या माणसाला कुत्रंही धातूच वाटतं. त्यांचा दुसरा प्रश्न होता, “कितीला पडली?” मी म्हटलं, पावसाळ्यात बूढा तालाबाच्या कडेला सापडली, फुकट. काकांचा चेहरा पडला. “फुकटचा डाग आम्ही घेत नाही भाऊ. मागून पोलीस येतात.” मग त्यांनी खुर्मीचा कान दोन बोटांत धरून चोळला, कान सोडून बोटं पाहिली, उजेडाकडे धरली आणि निकाल दिला, “चौदा.”

चौदा कॅरेट. गुळाच्या खुर्मीसारखा रंग म्हणून आम्ही जिचं नाव तिजा-पोळ्याच्या पदार्थावरून ठेवलं, घरात जिला सगळे सोनपरी म्हणतात, तिच्यात निम्म्याच्या आसपास भेसळ! माझा चेहरा पाहून काका म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. मजबूत राहते.”

त्यानंतर हे रोजचंच झालं. आम्ही लांबून दिसलो की काका चष्मा खाली घेत. एखाद्या दिवशी खुर्मी नुकतीच नाल्यात उतरून आलेली असली की “आज बारा.” अंघोळ झाली असली की “पॉलिश आहे, पॉलिशवर जाऊ नका, चौदाच.” एकदा तिने गोपाल मंदिरासमोर गाईला वाट करून दिली. काकांनी ते पाहिलं, आणि काही न बोलता दोन बोटं वर केली. म्हणजे दोन कॅरेट वाढले. दुसऱ्या दिवशी ती एका स्कूटरमागे धावली आणि ते परत कापून घेतले गेले. शेअर बाजारालाही एवढा चढउतार परवडत नाही.

मीही मग सराफा बोलायला लागलो. चोवीस कॅरेट सोन्याचा दागिना टिकत नाही, कारण शुद्ध सोनं फार मऊ, बावीसमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं म्हणून त्यावर ९१६ चा शिक्का, अठरावर ७५०. हे सगळं मला काकांनीच शिकवलं होतं. ते त्यांच्यावरच उलटवून मी म्हटलं, “काका, कुत्र्यातही तसंच. फार शुद्ध वंशाच्या कुत्र्यांना नाना दुखणी. त्या चपट्या नाकाच्या पगला धड श्वाससुद्धा घेता येत नाही. थोडी घट हवीच.”

काका खूश झाले. “आता तुम्हाला कळून राहिलं!” आणि त्या दिवशी तिला सोळा दिले.

पगचा विषय निघालाच म्हणून सांगतो. चहाच्या ठेल्यावर एक तरुण असतो. त्याला कुत्र्यांच्या तीनच जाती माहीत आहेत: २००३ साली मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पोरामागे फिरणारा तो, पोलिसांचा तो आणि ‘लॅब्रा’. बाकी सगळी त्याच्या लेखी ‘रोडवाला’. त्याच ठेल्यावरचे दुसरे एक जण २०२०च्या ऑगस्टपासून देशी कुत्र्यांचे भक्त आहेत, कारण पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळ आणि राजापालयम यांचं कौतुक केलं होतं. खुर्मी मुधोळ नाही हे कळल्यावर मात्र त्यांची भक्ती ओसरली. काकांनी चहाचा घोट घेत एवढंच म्हटलं, “सरकारी भाव वेगळा, बाजारभाव वेगळा.”

२०२५च्या ऑगस्टमध्ये तर कहर झाला. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ तारखेला मोठ्या खंडपीठाने ते बदललं, नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडायची, रेबीज झालेली किंवा फार आक्रमक असलेली सोडून. मधल्या दिवसांत सदर बाजारात जो तो न्यायमूर्ती. “भैया, इसको भी ले जाएंगे,” असं एकाने मला आनंदाने सांगितलं. एका बाईंनी दुरूनच “चाबथे का?” विचारलं आणि मी नाही म्हटल्यावर “आज नई चाबही, काली चाबही” असा भविष्यकाळ सुनावला. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, ही माहिती मला त्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येकाने दिली. त्या इंजेक्शनांचा जमाना कधीच संपला. आता लस दंडात देतात आणि तीही थोडक्यात आटोपते. पण चौदा हा आकडा लोकांना फार आवडतो.

काका ओट्यावरून उठले. मी त्यांना उभं राहिलेलं फारसं पाहिलं नव्हतं. “निकाल दिल्लीचा आहे,” ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले, “और ये पाली हुई है. गळ्यात पट्टा आहे, दिसून नाही राहिला? पट्टा म्हणजे हॉलमार्क.” मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, “२०२१पासून दागिन्यावर सहा अक्षरांचा नंबर असतो. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर घाला. बिनशिक्क्याचा माल बाळगू नका.” मी त्याच संध्याकाळी नंबर कोरून घेतला. सकाळी काकांनी तो भिंगातून तपासला, एक आकडा अस्पष्ट आल्याचं दाखवलं, आणि कोरणाऱ्याची घडणावळ कापून घ्यायला सांगितलं.

धुळीचा किस्सा मात्र काकांच्या सगळ्या कारकिर्दीवर कळस आहे. सराफ्यात दागिने घासताना, कापताना सोन्याचे कण उडतात, झाडूबरोबर बाहेर येतात. ती माती गोळा करून, धुऊन, त्यातून सोनं काढणारी माणसं प्रत्येक सराफ्यात असतात. आपण त्यांना झारेकरी म्हणतो, इकडे न्यारिये म्हणतात. एका सकाळी एका बाईने अख्ख्या गल्लीची माती झाडून नीट ढीग लावला होता. खुर्मी गेली, हुंगलं, एक गिरकी घेतली आणि त्यावर बसली. कशासाठी बसली, ते सांगायची गरज नाही.

बाईने झाडू उगारला. मी खिशात हात घातला. भोवती माणसं जमली. सकाळी सहा वाजता कुठून येतात कोण जाणे. एकाने नुकसानभरपाईचा आकडाही ठरवून टाकला. काका सावकाश आले, ढिगाकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं आणि विचारलं, “ए माटी ला धोबे के नइ?” धुणारच होती. “तर मग? हिने धुवायला सुरुवात करून दिली.” बाई आधी तोंडाला पदर लावून हसली, मग शिव्या देत हसली. मी काकांचे आभार मानले तर ते माझ्यावरच उखडले: “तुमच्या कुत्रीने ढीग बरोबर ओळखला. सगळी गल्ली सोडून तिथेच बसली. नाक आहे तिला.” आणि पुटपुटले, “अठरा.”

अठराच्या पुढे ती गेली नाही. काका हा कस रोज का काढतात, ते मला जरा उशिरा कळलं.

काकांच्या कोटाच्या खिशात अजूनही कसोटीचा काळा दगड असतो, मळक्या फडक्यात गुंडाळलेला. पूर्वी गिऱ्हाईक मोड घेऊन आलं की डाग दगडावर घासायचा, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकायचा आणि रेघ किती टिकते, कशी फिकटते त्यावरून काका कस सांगायचे. त्यांच्या तोंडचा आकडा हाच दुकानाचा शब्द असे. आता पेढीवर डबा आहे. दागिना आत ठेवायचा, क्ष-किरण पडतात आणि पडद्यावर टक्केवारी दशांशासकट उमटते. गिऱ्हाइकाला ती वाचताही येते. काकांना कोणी काढलं नाही. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, नमस्कार केला. पण प्रश्न विचारायचे थांबले.

तेव्हापासून काका ओट्यावर येऊन रस्त्याला प्रश्न विचारतात. दूधवाल्याला दुधातलं पाणी, भाजीवालीला भाजीचा शिळेपणा, आणि मला खुर्मीची घट. पूर्वी मी त्यांना चुकवायला मालवीय रोडने वळसा घालत असे. आता खुर्मीच ओट्याकडे ओढते. त्यात माझ्या हृदयपरिवर्तनाचा भाग कमी आणि बिस्किटांचा जास्त. “बाहेरचं काही देऊ नका, सवय लागते,” असं मला बजावताना त्यांचा उजवा हात खिशात असतो आणि तिचं नाक त्या खिशावर.

२०२५च्या एप्रिलमध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं, तेव्हा सदरमध्ये सगळे एकमेकांचे हात हातात घेऊन बोलत होते, आनंदाने की भीतीने ते कळत नव्हतं. मग जुलैत बातमी आली की नऊ कॅरेटच्या दागिन्यावरही आता हॉलमार्क मारणार. काकांनी वर्तमानपत्र घडी करून बुडाखाली घातलं. “नऊ!” ते म्हणाले. “शंभरात साडेसदतीस सोनं, बाकी काय? कढई? त्याला शिक्का?” बराच वेळ ते नुसते फुत्कारत राहिले. शेवटी नजर समोर बसून खरूज खाजवणाऱ्या खुर्मीवर गेली. “त्याच्यापेक्षा ही बरी,” ते म्हणाले. एवढी स्तुती मी त्यांच्याकडून माणसाचीही ऐकलेली नाही.

सध्या त्यांना वेड लागलंय ते कुकुरदेवाचं. बालोद जिल्ह्यात खपरी गावी कुत्र्याचं देऊळ आहे. कुत्रं चावलेली माणसं तिथे श्रद्धेने जातात. (त्यांनी आधी दवाखान्यात जावं, देव कुठे जात नाही.) कथा अशी सांगतात: एका बंजाऱ्याने कर्जापोटी आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली. कुत्र्याने चोरांना माल लपवताना पाहिलं होतं. तो सावकाराला तिथे घेऊन गेला. सावकाराने खूश होऊन कर्ज फिटल्याची चिठ्ठी लिहिली, कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला सोडून दिलं. बंजाऱ्याला वाटलं, हा गहाणातून पळून आला. त्याने त्याला मारून टाकलं. चिठ्ठी नंतर दिसली, आणि मग देऊळ बांधलं.

ही गोष्ट ऐकून लोकांचे डोळे पाणावतात. काकांना संताप येतो, आणि तोही कागदपत्रांवरून. “गहाण सोडवल्याची पावती मालकाच्या हातात द्यायची असते. मालाच्या गळ्यात बांधतात का? आणि बांधली तर वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहायला काय झालं होतं? ढिली लिखापढी. कुत्र्याचा काही दोष नाही, दोष पेढीचा.” जरा थांबून ते म्हणाले, “तो चोवीस होता भाऊ. गहाण ठेवला तरी कस उतरला नाही.”

खपरीला जायचं ठरलंय. गाडी माझी, पेट्रोल अर्धं अर्धं. खुर्मीने यायलाच पाहिजे ही त्यांची अट. अडलंय ते खिडकीवरून: खिडकी नसली तर काकांना मळमळतं आणि खुर्मीलाही. मी म्हटलं, जाताना तुम्ही बसा, येताना ती बसेल. काकांनी विचार केला, चष्मा नाकावर आणला आणि म्हणाले, “चालेल. पण आधी तिचं वजन सांगा. पेट्रोल वजनावर वाटू.”