आठवड्यातला एक तास

रोजगार मोजायचं काम सरकारने फारच मनावर घेतलंय. पूर्वी मोठं सर्वेक्षण पाच वर्षांनी व्हायचं, 2017 पासून वर्षाला होऊ लागलं, आणि 2025 पासून आकडा दर महिन्याला. निवडलेल्या घरी सलग चार महिने माणूस येणार, हातात टॅब. सोलापूरच्या पूर्वभागात इतक्या नेमाने आजवर फक्त कर्जाच्या हप्त्याचा वसुलीवाला यायचा.

प्रश्न साधाच: गेल्या सात दिवसांत निदान एक तास काम केलं का? बाईच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. बोटं थांबत नाहीत. "एका तासात हजार विड्या कोन वळतंय वो?" मजुरी हजारावर मिळते, त्यातून खराब म्हणून काढलेल्या वेगळ्याच. पण कारखान्याने पानं दिली नाहीत म्हणून सहा दिवस रिकामे गेले आणि सातव्या दिवशी तासभर विड्या वळल्या, तरी साप्ताहिक हिशेबात बाई रोजगारात. दोरा बांधू लागणारी सासू बिनपगारी मदतनीस, म्हणजे तीही रोजगारात. यंत्रमाग बंद म्हणून घरी बसलेल्या नवऱ्याने तासभर बंडलं बांधली, की घरातला शेवटचा बेरोजगारही संपला!

हा तासाचा नियम जुना, आंतरराष्ट्रीयही. त्याचं फळ आता मासिक झालं, एवढंच.

"तुमची नोकरी पक्की हाय का?" बाई टॅबवाल्याला विचारते. तो कंत्राटी आहे. पण गेल्या सात दिवसांतले त्याचे तास मात्र भरपूर भरलेत.