रजेचा अर्ज नामंजूर

ती. आबा आणि ती. सौ. आई यांना इंग्लंडमधल्या स्लाउहून चिरंजीव, सूनबाई आणि दोन्ही नातवंडांचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, फुलंब्रीत मंगल कार्यालय ठरलं, केटरर ठरला, सिल्लोडहून बॅन्डवाले ठरले, तरीही आपले चिरंजीव चुलत बहिणीच्या लग्नाला सहकुटुंब येऊ शकत नाहीत. व्हिसाची अडचण नाही. कंपनीनं रजा दिली आहे. अडवलं आहे ते पोरांच्या शाळेनं. हे फोनवर सांगितलं असतं तर आबा लगेच म्हणाले असते, 'हेडमास्तरला दे फोन.' म्हणून पत्र.

चिरंजीव स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत होते तेव्हा रजेचा अर्ज ठरलेला असे : घरी महत्त्वाचे काम असल्यामुळे शाळेत येऊ शकलो नाही, तरी रजा मंजूर व्हावी. ते महत्त्वाचं काम कधी कापसाची वेचणी असे, कधी मामाच्या गावची जत्रा. गुरुजी विचारत नसत. आणि मुळात अर्ज रजा घेऊन झाल्यावर द्यायचा असतो, अशीच चिरंजीवांची समजूत होती.

इकडं उलटं आहे. पूर्वी इंग्लंडमधल्या हेडमास्तरांना वर्षातून दहा दिवसांपर्यंत सुट्टी द्यायची मुभा होती. 1 सप्टेंबर 2013 पासून ती गेली. आता 'अपवादात्मक परिस्थिती' असेल तरच रजा, आणि परिस्थिती अपवादात्मक आहे की नाही ते हेडबाई ठरवणार. चिरंजीवांनी अर्जात लिहिलं की घरातलं शेवटचं लग्न आहे, हळदीला करवली म्हणून नात लागते, आणि नवरीला भाऊ एकच, तो म्हणजे अर्ज करणारा. चुलत बहीण सख्खीच असते, हे पटवायला त्यांनी वंशावळसुद्धा जोडली. उत्तर दोन ओळींचं आलं. शुभेच्छा होत्या, रजा नव्हती.

न विचारता गेलं तर काय, याचा हिशोब सूनबाईंनी फ्रिजवर लावून ठेवला आहे. दहा आठवड्यांत पाच दिवसांची विनापरवानगी गैरहजेरी झाली की दंडाचा विचार सुरू होतो. ऑगस्ट 2024 पासून दंड 80 पौंड, तोही प्रत्येक मुलामागं प्रत्येक पालकाला. दोन पालक, दोन मुलं, म्हणजे 320 पौंड. आपले पस्तीस हजारांच्या पुढं. 21 दिवसांत भरला नाही तर दुप्पट. तीन वर्षांत दुसऱ्यांदा सापडलं तर सरळ 160, सवलत नाही. तिसऱ्यांदा दंडाची नोटीस नसते, कोर्टाची पायरी असते आणि तिथं 2,500 पौंडांपर्यंत लागू शकतात.

तरी लोक जातातच. 2023-24 या एका शालेय वर्षात इंग्लंडमध्ये अशा 4 लाख 87 हजारांहून जास्त नोटिसा निघाल्या आणि त्यातल्या दहातल्या नऊ सहलीला गेलेल्यांच्या होत्या. कारण साधं आहे. शाळेला सुट्टी लागली की विमानाची तिकिटं भडकतात. दंड भरूनही सत्राच्या मधलं तिकीट स्वस्त पडतं, हे इथल्या गोऱ्या पालकांनाही कळलं आहे. ते दंड तिकिटातच धरतात, आपण टोल धरतो तसा.

एकानं मात्र टोल भरायचं नाकारलं. वाइट बेटावरचे जॉन प्लॅट 2015 साली मुलीला शाळा चालू असताना फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला घेऊन गेले. दंड 60 पौंडांचा, तो 120 वर गेला. त्यांचं म्हणणं, एरवी पोरीची हजेरी चांगली आहे, कायदा 'नियमित' हजेरी मागतो, मग अडचण कुठं आहे? हायकोर्टानं मान डोलावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 6 एप्रिल 2017 रोजी पाचही न्यायाधीशांनी एकमुखानं सांगितलं की, शाळेच्या नियमाप्रमाणे आलात तरच हजेरी नियमित. 120 पौंडांसाठी सर्वोच्च न्यायालय! आपल्या तालुक्यातल्या बांधाच्या भांडणाचीच जिद्द म्हणायची.

तालुक्यावरून आठवलं. 2023 च्या मार्चअखेर गेवराई पायगाच्या सरपंचांनी विहिरीच्या मंजुरीला लाच मागतात म्हणून फुलंब्री पंचायत समितीसमोर दोन लाखांच्या नोटा उधळल्या होत्या. चिरंजीवांनी त्याचा व्हिडिओ सूनबाईंना पुन्हा दाखवला आणि 320 पौंडांचं तसंच करू का, असं विचारलं. इथं रस्त्यावर कचरा टाकल्याचा दंड वेगळा असतो, असं उत्तर मिळालं.

तर तोडगा असा निघाला : चिरंजीव एकटे येतील, त्यांची हजेरी शाळा घेत नाही. सूनबाई आणि मुलं हळद मोबाइलवर बघतील.

रजेचं दुखणं मोठं, पण रोजचा जाच डब्याचा. शाळेत शेंगदाणा चालत नाही. एखाद्या मुलाच्या ते जिवावर बेतू शकतं, त्यामुळं इथं घरातल्या कुणाची तक्रार नाही. पण आई, कूट वजा केलं तर आपल्या स्वयंपाकात उरतं काय? खिचडी गेली, कोशिंबीर गेली, भरली वांगी गेली, चटणी तर मुळातूनच गेली. इथल्या अन्नकायद्यात चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे. तिच्यात तीळ आहे आणि मोहरीही आहे. म्हणजे संक्रांत आणि फोडणी दोन्ही संशयित. सूनबाईंनी संक्रांतीला वर्गात काय वाटलं, तर पेन्सिली. गोड बोला म्हणून पेन्सिल दिल्यावर बाईंनी पोराला विचारलं, 'आज तुझा वाढदिवस आहे का?'

डब्यावरून या देशात याहून मोठी रणं झाली आहेत. टीव्हीवरचा आचारी जेमी ऑलिव्हर यानं 2005 मध्ये शाळेतलं जेवण सुधारायची मोहीम काढली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये रदरहॅमजवळच्या रॉमार्शच्या शाळेत पौष्टिक जेवण सुरू झालं आणि दुपारी मुलांनी बाहेर पडायचं नाही असं ठरलं. तेव्हा काही आयांनी कुंपणातून बर्गर आणि चिप्स आत पोचवायला सुरुवात केली, तीही मुलांकडून रीतसर ऑर्डर घेऊन. देशभर त्यांची छी-थू झाली. चिरंजीवांना मात्र त्या आयांबद्दल थोडी माया वाटते. पोर उपाशी आहे म्हटल्यावर आपल्या आईनंही कुंपण पाहिलं नसतं.

गणवेशाचीही तीच गत. आपल्याकडं ऊन तापलं की सकाळची शाळा होते. इथं पारा तिशीपार गेला की देश हवालदिल होतो, पण पँट पूर्णच हवी. जून 2017 मध्ये एक्सिटरच्या इस्का अकॅडमीतल्या मुलांनी हाफ पँट मागितली, नाही मिळाली. नियमात मुलींना स्कर्ट होता. मग तीसेक मुलगे स्कर्ट घालून शाळेत आले. फोटो जगभर छापून आले आणि पुढच्या वर्षापासून हाफ पँट आली. चिरंजीवांच्या मते शाळांना तर्काची फार भीती वाटत नाही, फोटोची वाटते.

आबा म्हणतील, आपल्याकडं पालकांचं कोण ऐकतं? ऐकतात की, जरा उशिरा. 2024-25 ला 'एक राज्य, एक गणवेश' आला, कुठं बाही आखूड तर कुठं पँट ढगळ, आणि त्याच डिसेंबरात गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं गेलं. पाठ्यपुस्तकांत घातलेली कोरी पानंही दोन वर्षांत निघाली. चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका, हा 2024 चा आदेश तर चिरंजीवांच्या जन्मानंतर फार उशिरा आला.

दिवाळीचं विचाराल तर धार्मिक सणाच्या दिवसापुरती रजा मिळते. फक्त वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचा नेमका कुठला दिवस, ते अर्जात एकच लिहायचं. 2024 साली लक्ष्मीपूजन सहामाही सुट्टीत आलं आणि प्रश्न मिटला. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळा दिवाळीनिमित्त पहिल्यांदा बंद राहिल्या, 1 नोव्हेंबरला; त्यासाठी राज्याला आदल्या वर्षी कायदाच करावा लागला. हे वाचून नातवानं न्यूयॉर्कला राहायला जाऊ म्हणून हट्ट धरला आहे.

आता खरी बातमी. सूनबाई शाळेच्या पालक-गव्हर्नरपदाला उभ्या आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं आपल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असतात. इथं पालकांच्या जागा मोजक्याच, त्याही मतदानानं. दंड रद्द करू, असं प्रचारपत्रकात लिहावं असा चिरंजीवांचा आग्रह होता. तो कायदा आहे, शाळेच्या हातात नाही, म्हणून सूनबाईंनी ते खोडलं. त्यांचं एकच आश्वासन आहे : मार्चमधल्या 'वर्ल्ड बुक डे'ला मुलांनी पुस्तकातलं पात्र होऊन यायचं असतं, त्याची आठवण शाळेनं आदल्या संध्याकाळी करू नये. गेल्या खेपेला रात्री कपाट उपसून नातवाला चौकड्यांचा शर्ट घातला आणि फास्टर फेणे करून पाठवला. वर्गात कुणी ओळखला नाही, पण पोरगं दिवसभर जिभेनं 'ट्टॉक' करत होतं, तेवढी तक्रार आली.

आबांनी ग्रामपंचायतीच्या अनुभवावरून प्रचाराचा सल्ला जरूर द्यावा, मात्र जेवणावळ सुचवू नये. विरोधात उभ्या असलेल्या बाईंनी शाळेच्या उन्हाळी मेळ्यात केकचा स्टॉल तासाभरात रिकामा केला होता, त्यामुळं लढत अवघड आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले चिरंजीव