सर्व्हरबाब

पेडण्यात कोरगाव घ्या, मांद्रे घ्या, डिचोलीत साळ, मुळगाव किंवा साखळी घ्या. वाड्यावर एक तरी सर्व्हरबाब सापडायचाच. वय साठीच्या पुढे, बँकेतून नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त, भजनी सप्ताहात पेटीवाल्याच्या मागे हक्काची जागा. गळा बेताचा, पण कान तयार. बंगळुरूच्या मुलाने चवथीला येताना तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय संगणक आणला, त्याला दोन टेराबाइटची डिस्क जोडून गाण्यांचा सर्व्हर केला, ‘बाबा, आता घरभर गाणं ऐका’ म्हणाला आणि निघून गेला. त्या दिवसापासून बाबांचं गाणं ऐकणं संपलं आणि गाणं सांभाळणं सुरू झालं. गोव्यात केरी नावाची गावं तीन, त्यांपैकी गायिका केसरबाई केरकर फोंड्याच्या केरीच्या. पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या नव्हेत, हे तो कुणालाही अडवून सांगेल. स्वर कुठे किंचित उतरला तेही सांगेल. मात्र डिस्क अडली की हाच कान कामातून जातो. याला अज्ञान म्हणणं अन्यायाचं होईल; खरा अडसर अभिमानाचा आहे. एवढ्या थोर संग्रहाला क्षुल्लक रोग होऊच कसा शकतो? थोरांचा रोगही थोरच असला पाहिजे, या श्रद्धेवर सर्व्हरबाबाचं सगळं निदानशास्त्र उभं आहे.

संशयितांची त्याची यादीच पाहा. पहिलं नाव वीज खात्याचं, दुसरं कालच्या अपडेटचं, तिसरं पावसाळी दमट हवेचं, चौथं सुनेने बदललेल्या वायफायच्या पासवर्डचं. वायर आणि अडॅप्टर यादीत नसतातच. खरं तर हिशेब सरळ आहे. स्वतःचा अडॅप्टर नसलेली छोटी डिस्क वीज यूएसबीतूनच घेते. जुन्या यूएसबी २ प्रकारच्या पोर्टला ५०० मिलिअँपिअर द्यायची मुभा, निळ्या ३ प्रकाराला ९००. आणि डिस्कची मोटर फिरायला लागते त्या क्षणी ती अँपिअरभर मागू शकते. रास्पबेरी पाय ४ चे चारही पोर्ट मिळून १,२०० मिलिअँपिअर देतात, तेही त्याला मागून नीट ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर मिळाले तर. सर्व्हरबाबाने मूळ अडॅप्टर नातवाच्या टॅबला दिलेला असतो आणि सर्व्हरला लावलेला असतो जुन्या मोबाइलचा चार्जर. मग डिस्क फिरू लागते, दमते, थांबते, पुन्हा फिरू लागते. ती टिकटिक ऐकून बाब गंभीर चेहऱ्याने जाहीर करतो, ‘हेड गेलं.’ हेड खरोखर गेलं तरी असाच आवाज येतो, हे कबूल. पण म्हणूनच आधी स्वस्तातली शक्यता तपासायची असते.

यंत्रही त्याच्या गैरसमजाला हातभार लावतं. वीज क्षणभर अपुरी पडली की डिस्क तुटते आणि लगेच परत जोडली जाते. पण आधी एसडीए असलेली आता एसडीबी म्हणून. सर्व्हर जुन्याच नावाने हाका मारतो, ओ येत नाही, आणि पडद्यावर झळकतं: एकूण गाणी शून्य. सीडीच्या दर्जाचं गाणं मिनिटाला साधारण १० एमबी जागा खातं, म्हणजे दोन टेराबाइटमध्ये तीन हजार तासांहून जास्त गाणं बसतं. एवढं सगळं एका फटक्यात शून्य झालेलं पाहून कुणाचाही धीर सुटेल. वास्तविक गाणी जागच्या जागी असतात. डिस्कचा कायमचा ओळख-क्रमांक, म्हणजे यूयूआयडी, सेटिंगमध्ये एकदा लिहिला की हा घोळ मिटतो. न वाजवता पडून राहिलेली डिस्क झोपी जाते आणि जागी व्हायला काही सेकंद घेते. तेवढ्यात बाब तीन बटणं दाबतो आणि चौथा घोळ स्वतः तयार करतो. चवथीच्या संध्याकाळी तर पाहायलाच नको. माटोळीच्या दिव्यांची माळ, गणपतीवरचा फोकस आणि सर्व्हर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. आरतीच्या गर्दीत कुणाचा तरी पाय लागतो. पाटावरून बायको म्हणते, ‘अहो, ती वायर ढिली जाल्या.’ बाब म्हणतो, ‘तुला त्यातलं काय कळतं?’ आणि लॉग फाइल उघडतो.

यावर कुणी म्हणेल, पेडण्याच्या पावसात लायट जाते हे काय खोटं? खोटं नाही. गाणी उतरवून घेताना लायट गेली तर डिस्कवरची नोंद अर्धवट राहते. विंडोजच्या पद्धतीने तयार केलेली डिस्क मग पुष्कळदा फक्त वाचायला उघडते; जुनी गाणी वाजतात, नवं काही आत जात नाही. त्यासाठी छोटा यूपीएस हवाच. पण अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं. संध्याकाळी दिवे थोडे मंद झाले म्हणून डिस्क रुसत नाही. कोरड्या, उन्हाच्या दुपारी जी डिस्क गायब होते, तिच्यासाठी लाइनमनला फोन करणं हा निव्वळ छळ आहे.

दुसरा आक्षेप तरुणांचा: सगळं मोबाइलवर मिळत असताना हा खटाटोप कशाला? इथे मात्र मी बाबाच्या बाजूने. केसरबाई मिळतील, जितेंद्र अभिषेकींची ‘मत्स्यगंधा’तली आणि ‘कट्यार’मधली पदं मिळतील. पण देवळासमोर रात्रभर रंगलेला दशावतारी काला, वाड्यावरच्या फुगड्या, आज हयात नसलेल्या भजनीबुवाने सप्ताहात पहाटे म्हटलेला अभंग, हे कुठल्या कंपनीने काढलं? बुरशी धरलेल्या कॅसेटींवरून रात्री जागून ते उतरवून घेतलं या हट्टी माणसाने. त्याच्या डिस्कवर गावाचा आवाज आहे.

आणि म्हणूनच तिसरं मत, ‘निरुपद्रवी छंद आहे, असू द्या’, हे मला अजिबात पटत नाही. लिनक्सच्या पद्धतीची डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला लावली की तो विचारतो, ‘फॉरमॅट करायची का?’ मदतीला आलेला भाचा ‘हो’ म्हणतो. अभिमान इथे महाग पडतो, कारण एवढ्या मोलाच्या संग्रहाची दुसरी प्रत नसते. आपली डिस्क मरेल हे मानायला मन धजत नाही. केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी नासाने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात पाठवली, तेव्हा तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुई दिली, वाजवायची रीत आवरणावर कोरली, आणि तशीच दुसरी तबकडी दुसऱ्या व्हॉयेजरवर चढवली. परग्रहावरच्या श्रोत्यांसाठी एवढी काळजी, आणि साळ-कोरगावच्या श्रोत्यांसाठी एकच डिस्क! तेव्हा तुमच्या वाड्यावर असा बाब असेल तर येत्या चवथीला मिठाई नको. आखूड, चांगली वायर आणि स्वतःचा अडॅप्टर असलेली दुसरी डिस्क घेऊन जा. सगळी गाणी तिच्यावर उतरवा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. वायर बदलल्याचं बाबाला सांगू नका. सर्व्हर अपडेटने सुधारला असं त्याला वाटू दे.