सबब, तिकीट आपणाकडे परत

आयटीत नोकरी लागली म्हटलं की घरच्यांना वाटतं, पोरगं आता काहीतरी बनवणार. पण मोठ्या बिझनेस सॉफ्टवेअर कंपनीच्या टेक्निकल सपोर्टला लागलेलं पोरगं काहीही बनवत नाही. बनवणारे केव्हाच बनवून मोकळे झालेले असतात. बनलेलं का चालत नाही हे विचारणाऱ्यांना तोंड द्यायला याची नेमणूक असते. आणि खरं उत्तर सापडेपर्यंत रोज काहीतरी उत्तर देत राहणं, याचाच पगार असतो.

आमचा भाचा नुकताच अशा ठिकाणी रुजू झाला. कंपनीचं नाव घेत नाही, या धंद्यात सगळ्यांचे फॉर्म सारखेच. हिंजवडीत ऑफिस, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, फोटोत अजून आशा. त्याच्या ट्रेनिंगचा बराचसा भाग सॉफ्टवेअरवर नव्हता, वाक्यांवर होता. ‘आपल्याला झालेला त्रास मी समजू शकतो’ हे कुठे टाकायचं, ‘तपासतो’ आणि ‘तपासणी सुरू आहे’ यांतलं केव्हा काय वापरायचं, चूक कबूल न करता दिलगिरी कशी व्यक्त करायची. गिऱ्हाइकासमोर ‘बग’ म्हणायचं नाही, ‘अनपेक्षित वर्तन’ म्हणायचं. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही. दहावीच्या पत्रलेखनाचा मात्र झाला.

आमच्या सोसायटीत भाऊसाहेब राहतात. कलेक्टर कचेरीत आस्थापना शाखेत त्यांची हयात गेली. त्यांचा कॉम्प्युटर व्हॉट्सॲपला सुरू होतो आणि तिथेच संपतो. पण भाच्याने कामाचं स्वरूप सांगायला घेतलं आणि चहा यायच्या आत तेच त्याला शिकवायला लागले.

“तिकीट म्हणजे अर्ज. नंबर पडतो ना?”

“आपोआप पडतो, काका.”

“म्हणजे आवक झाली. मग त्रुटी काढता?”

“स्क्रीनशॉट जोडलेला नाही, लॉग नाही, अडचण पुन्हा कशी घडवायची त्याच्या पायऱ्या नाहीत, असं लिहून परत पाठवतो.”

“अर्ज अपूर्ण, सबब आपणाकडे परत. बरोबर. पुढे?”

“पुढे स्टेटस ‘कस्टमर ॲक्शन’ होतं आणि आमचं घड्याळ थांबतं.”

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. “थांबतं? लेखी आहे?”

“करारातच आहे.”

भाऊसाहेब बराच वेळ गप्प होते. महाराष्ट्रात २००५चा विलंब प्रतिबंधाचा कायदा आला, कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल एरवी सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये म्हणून. त्या कायद्याने त्यांची अखेरची वर्षं नासवली होती. आणि इकडे जगातल्या बड्या कंपन्यांनी, बड्या वकिलांकरवी, गिऱ्हाइकाच्या सहीनिशी घड्याळ थांबवायची सोय करून ठेवली होती. “शिकलेली माणसं,” ते एवढंच म्हणाले.

मी सॅप या बिझनेस सॉफ्टवेअर कंपनीच्या जगातली उदाहरणं देतो, कारण त्या जगातली माणसं पुण्यात कुठल्याही बसस्टॉपवर भेटतात. १९७२ साली जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी ही कंपनी काढली. पाचांपैकी एकाने पुढे आपल्या गावाकडच्या फुटबॉल क्लबात पैसा ओतून तो थेट बुंडेसलिगात नेला. पैसा येतो कुठून, हे नव्याने रुजू होणाऱ्याने पहिल्या दिवशी समजून घ्यावं. सॉफ्टवेअर एकदा विकलं जातं, सपोर्ट दरवर्षी. २००८ मध्ये सॅपने सगळ्यांना हळूहळू लायसन्सच्या किमतीच्या २२ टक्के वार्षिक सपोर्टवर न्यायचं ठरवलं. गिऱ्हाइकांनी एवढी बोंब मारली की २०१० मध्ये १८ टक्क्यांचा साधा प्रकार परत आणावा लागला. बावीस टक्क्यांनी हिशेब करा. पाच वर्षं भरायच्या आत सॉफ्टवेअरची किंमत पुन्हा एकदा वसूल. आणि एवढे पैसे मोजलेला माणूस रात्री अडीच वाजता फोन करतो तेव्हा पलीकडे आमचा भाचा असतो.

एवढ्या पैशांत काय मिळतं, तेही करारात असतं. कारखाना बंद पडण्याजोगी अडचण असेल तर तिला ‘व्हेरी हाय’ म्हणतात. वरच्या दराच्या करारात तिला एका तासात प्रतिसाद आणि चार तासांत उपाययोजना. प्रतिसाद म्हणजे ‘आपला अर्ज मिळाला’. उपाययोजना म्हणजे तोडगा, किंवा तात्पुरता तोडगा, किंवा तोडगा कसा काढणार याचा आराखडा. तिसरा पर्याय ऐकून भाऊसाहेब म्हणाले, “समिती नेमली म्हण ना.” ३१ मार्चच्या आसपास तर जगात ‘व्हेरी हाय’खेरीज दुसरी अडचणच उरत नाही. एरवी वर्षभर निवांत असलेल्या अकाउंट्सवाल्यांचा प्रिंटर अडला तरी तो ‘व्हेरी हाय’.

भाच्याने स्वतः सोडवलेलं पहिलं तिकीट चाकणच्या एका कारखान्यातलं. स्टोअरकीपरला एका बोल्टचा साठा बदलायचा होता. पडद्यावर यायचं की हे मटेरियल अमुक युजरने लॉक केलंय. स्टोअरकीपर खवळलेला, कोण हा आमच्या बोल्टवर बसलाय? भाच्याने एसएम१२ उघडलं. तिथे कुलपांची यादी असते, कुणी लावलं, केव्हा लावलं. सकाळी सव्वानऊचं कुलूप, आणि युजर आयडी तक्रारदाराचाच. सकाळी त्याने तोच बोल्ट दुसऱ्या खिडकीत उघडला, चहाला गेला, परत येऊन नवी खिडकी उघडली. सॅपमध्ये अशा पाच-सहा खिडक्या सहज उघडता येतात. जुनी मागे तशीच होती, बोल्ट धरून. साहेब, तुम्हीच तुमच्या वाटेत बसला आहात, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण तसं लिहायचं नसतं. भाच्याने लिहिलं, ‘आपल्या अन्य सक्रिय सत्रामुळे सदर नोंद आरक्षित असल्याचे आढळून आले.’ भाऊसाहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

स्टोअरकीपरचं काम झालं. त्याने अभिप्रायात ‘काम झालं’ असंच लिहिलं आणि दहापैकी सात गुण दिले. चाकणच्या माणसाने कुठल्याशा सॉफ्टवेअरवाल्याला सात द्यावेत, हा खरं तर सत्कारच. पण फ्रेड रायकेल्ड नावाच्या अमेरिकन सल्लागाराने २००३ मध्ये एक मोजपट्टी मांडली. नऊ-दहा देणारा तुमचा भक्त, सात-आठ देणारा उदासीन, सहा आणि त्याखाली विरोधक. ही मोजपट्टी बनवताना पुण्याच्या बाजूला कुणी फिरकलेलं दिसत नाही. इथे ‘वाईट नाही’ ही कमाल स्तुती असते आणि दहापैकी दहा फक्त स्वतःच्या आईच्या पुरणपोळीला मिळतात, तेही बायको समोर नसताना. मॅनेजरने भाच्याला काचेच्या खोलीत बसवून विचारलं, “उरलेले तीन कुठे गेले?”

मूळ कारण फॉर्ममध्ये भरावं लागतं. यादीतून निवडायचं. त्यात ‘खिडकी बंद करायची राहिली’ हा पर्याय नाही, ‘युजर एज्युकेशन’ आहे. यादीतलं सर्वांत लाडकं कारण मात्र ‘रचनेनुसार कार्यरत’. म्हणजे तुम्हाला जो त्रास होतोय तो आम्ही विचारपूर्वक दिलेला आहे. रचनाच बदलून हवी असेल तर ती सुधारणेची मागणी, वेगळ्या दारातून आणा. भाऊसाहेबांच्या भाषेत ती धोरणात्मक बाब, शासनस्तरावर विचाराधीन.

सूर्याबरोबर फिरणारा सपोर्ट हीही एक चीज आहे. संध्याकाळी भारताने तिकीट युरोपकडे द्यायचं, युरोपने रात्री अमेरिकेकडे, अमेरिकेने सकाळी पुन्हा आपल्याकडे. चोवीस तास काम चालू. प्रत्येक मुक्कामी नवा माणूस जुना प्रश्न विचारतो, “कृपया स्क्रीनशॉट पाठवाल का?” भाऊसाहेबांच्या काळी फाईलला तालुका, जिल्हा, मंत्रालय करून परत यायला वर्ष लागायचं. आता पृथ्वीप्रदक्षिणा एका दिवसात होते आणि फाईल तितकीच जाड होऊन येते.

बहिणीला काळजी वेगळीच. आता एआय सगळं करणार म्हणतात, याची नोकरी टिकेल का? मी तिला जुन्या सॅपची गोष्ट सांगितली. नवी आवृत्ती एस/४हाना २०१५ साली आली, जुनी सोडा म्हणून. जुनीच्या सपोर्टची मुदत आधी २०२० होती, ती २०२५ झाली. मग २०२०च्या फेब्रुवारीत जाहीर झालं, २०२७ पर्यंत चालेल, आणि जादा पैसे भरलेत तर २०३० पर्यंत.

“आणि तीसनंतर?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“मोठ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या अटींवर तेहतीसपर्यंत सोय काढलीय, काका.”

“मुदतवाढीला मुदतवाढ?” भाऊसाहेब बहिणीकडे वळले. “ताई, काळजी सोडा. पोरगं कायम झालं.”