चपलेच्या वरचं

जुन्या इंग्रजी शब्दांचा नाद वाईट. दारूला निदान चारचौघांची सोबत मिळते, यात कुणी जवळ बसत नाही. रद्दीच्या दुकानातून किलोच्या भावानं आणलेली एक जाडजूड डिक्शनरी माझ्या उशाशी असते. शेवटची पानं वाळवीनं खाल्ल्यामुळे डब्ल्यूच्या पुढचं इंग्रजी मला येत नाही, पण त्यावाचून कोल्हापुरात काही अडत नाही. याच पुस्तकात मला 'स्लगअबेड' भेटला. सूर्य डोक्यावर आला तरी अंथरूण न सोडणारा, तो स्लगअबेड. शेक्सपिअरच्या नाटकात दाई ज्युलिएटला हेच म्हणून उठवते. मी तो शब्द आमच्या चिरंजीवांवर वापरून पाहिला. पांघरुणातून उत्तर आलं, "थँक्यू पप्पा."

'ग्रोक' हा स्कॉटलंडकडचा. दुसरा जेवत असताना आशाळभूतपणे त्याच्या ताटाकडे टक लावून बघत राहणं, याला तिकडं हा स्वतंत्र शब्द. बहुतेक कुत्र्यांसाठी आणि पोरांसाठी वापरत. आमच्याकडं रविवारी सकाळी मिसळ खायला बसा, पाठीशी उभा असलेला सद्गृहस्थ तुमच्या ताटलीतला उरलेला पाव मोजत असतो. तुम्ही "कट आण रे अजून" म्हणालात की त्याचा चेहरा पडतो. दर रविवारी सोसायचं आम्ही, आणि शब्द सुचावा स्कॉटलंडला!

काही शब्दांना मात्र डिक्शनरी लागत नाही, उद्यमनगरातल्या गॅरेजात गेलं तरी पुरतं. १९०४ च्या सुमारास मोटारींना जादा चाक नसायचं. वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी ते काढलं आणि दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं म्हणून चाकालाही तेच नाव दिलं. आज लंडनच्या माणसाला स्टेपनी म्हटलं तर तो आपल्याच शहरातल्या एका वस्तीचा रस्ता सांगेल. आमचा मिस्त्री मात्र डिकी उघडून दोन बोटांनी चाक दाबतो आणि म्हणतो, "सर, स्टेपनीत हवाच न्हाई की ओ!" त्या डेव्हिस बंधूंच्या रस्त्याचं नाव असं रोज निघतं, तेही फुकट.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे 'अल्ट्राक्रेपिडेरियन'. हा सापडला त्या रात्री मी उठून दिवा लावला. अर्थ असा, की ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यावर ठासून बोलणारा माणूस. आणि यातल्या 'क्रेपिडा'चा मूळ अर्थ चप्पल! आता हा शब्द कोल्हापूरचा नाही तर कुणाचा?

गोष्ट प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलीय. अपेलिस हा ग्रीक चित्रकार आपली चित्रं बाहेर मांडायचा आणि मागं लपून लोकांचं बोलणं ऐकायचा. एक चांभार म्हणाला, चपलेला आतल्या बाजूनं एक बंद कमी काढलाय. अपेलिसनं तो दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी खूश होऊन चांभार पायातही चूक काढू लागला, तेव्हा अपेलिस बाहेर येऊन कडाडला की चपलेच्या वर जाऊ नकोस. पुढं १८१९ मध्ये हॅझलिट या निबंधकारानं गिफर्ड नावाच्या टीकाकाराला या शब्दानं झोडपलं. गिफर्ड लहानपणी चांभाराकडं उमेदवारी करत होता, हा त्यातला खवचटपणा. मला तो आवडला नाही. शब्द मात्र सोडवत नाही.

कारण नमुने पायलीला पन्नास. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानात जा. जन्मात लंगोट न कसलेला माणूस वरच्या पायरीवरून "पट काढ, पट!" म्हणून पैलवानाला शिकवत असतो. (हल्ली मी 'ढाक मार' एवढंच म्हणतो.) २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. मग काय, चहाच्या गाड्यावर जो तो इटालियन फॅशनचा जाणकार! प्लिनी त्याच मिलानशेजारच्या कोमो गावचा, हे ऐकवायला मी उतावीळ झालो होतो, पण माझा नंबरच लागला नाही.

शेवटी ही अख्खी गोष्ट मी चप्पल लाइनीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराला ऐकवली. ते माझ्या चपलेचा उसवलेला कान शिवत होते. टाका ओढून त्यांनी मान वर केली.

"पायतान करायचं म्हंजे आदी पाय बघाय लागतोय, सर. पाय कळल्याबिगार पायतान हुतंय व्हय?"

"म्हणजे मामा?"

"म्हंजे त्यो गडी बरोबरच बोलला आसंल. चित्रातला पाय चुकलाच आसणार. त्या चित्रकाराला राग कशाचा आला मग?"