वाचक कट्ट्यावर प्रथमच बोलणाऱ्यांसाठी सूचना

वाचनालयाच्या माडीवर किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा वाचक कट्टा भरतो. प्रत्येकाने नुकत्याच वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल पाच मिनिटे बोलावे, असा नियम असतो. यातील 'नुकत्याच', 'वाचलेल्या' आणि 'पाच मिनिटे' हे तिन्ही शब्द सैल आहेत, हे नवोदिताने प्रथम ध्यानात घ्यावे.

पुस्तक जाडी पाहून निवडावे. पातळ पुस्तक दिसायला सोयीचे, पण धोक्याचे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' एका बैठकीत वाचून होते. म्हणजे श्रोत्यांपैकी दोघातिघांनी ती खरोखर वाचलेली असू शकते. नाव बघून तुम्ही 'लढाईचे थरारक चित्रण' अशी सुरुवात करायला जाल आणि मागच्या खुर्चीवरून कुणीतरी शांतपणे सांगेल, की 1939 सालची ही कादंबरी युरोपातून परतणाऱ्या बोटीवर घडते आणि ती प्रेमकथा आहे. त्यापेक्षा भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' घ्यावी. 2010 साली आली तेव्हापासून ती अनेक घरांत शोकेसचा खालचा कप्पा धरून बसली आहे. शिवाय तो चार भागांतला पहिला भाग असल्याचे जाहीर झाले होते. तेव्हा 'उरलेले तीन आल्यावरच साकल्याने बोलेन' एवढे म्हणून बसता येते. ('कोसला'वर बोलायचे झाल्यास वाक्याच्या सुरुवातीला 'उदाहरणार्थ' आणि शेवटी 'वगैरे' लावावे. मधे काहीही चालते.)

तथापि नवोदिताला खरा आधार शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'चाच. 1967 पासून या कादंबरीने कितीजणांची अब्रू राखली आहे! सावंतांनी कर्णाची कथा सहाजणांच्या तोंडून सांगितली. सातवे निवेदक आपण आहोत, असे समजून उभे राहावे. पहिल्या मिनिटाला कवचकुंडले, दुसऱ्याला रंगमंडपात विचारलेले कुळ. तिसऱ्या मिनिटाला आवाज किंचित कापरा करून 'अन्याय' हा शब्द काढावा. तिथून आपल्या हुकलेल्या बढतीपर्यंतचा रस्ता सरळ आहे. अर्जुनाच्या जागी वशिल्याने पुढे गेलेला सहकारी ठेवावा. ऐन वेळी खच्चीकरण करणाऱ्या शल्याच्या जागी हेडक्लार्क चपखल बसतो. रथाचे चाक रुतेपर्यंत निम्मा हॉल माना डोलावू लागतो, कारण प्रत्येकाचे चाक कुठे ना कुठे रुतलेले असतेच. पुस्तक उघडण्याची वेळ येत नाही.

दया पवारांचे 'बलुतं' मात्र जपून हाताळावे. 1978 सालच्या या आत्मकथनात दगडू पवार आपली कहाणी दया पवारांनाच ऐकवतो. ती ऐकणाऱ्याच्या अंगावर येते, म्हणून कट्ट्यावर ऐकवू नये. 'दाहक', 'अस्वस्थ करणारे', 'अंतर्मुख झालो' हे तीन शब्द याच क्रमाने उच्चारावेत आणि 'अर्थात आता काळ बदलला आहे' असे म्हणून चहाकडे पाहावे. हॉलच्या कोपऱ्यात चहा ओतणाऱ्या माणसाला काळ बदलला का, हे विचारण्याची प्रथा नाही.

एवढी तयारी केल्यावर सहसा विघ्न येत नाही. आलेच, तर ते 'रुचिरा'च्या रूपाने येते. पिशवीतून कमलाबाई ओगल्यांचे ते पुस्तक काढून एखाद्या काकू उभ्या राहतात. बांधणी सुटलेली, पानांवर तुपाचे डाग, समासात पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या. 'सगळं पुस्तकाबरहुकूम केलं, तरी माझे अनारसे हसले. दोन्ही वेळा. मला वाटतं, पीठ मुरवण्यात माझी घाई झाली, पण गुळाच्या प्रमाणाबद्दल बाईंशी माझं अजून पटत नाही,' एवढेच त्या बोलतात. अंतर्मुख झाल्याचा उल्लेखही करीत नाहीत.

आणि हॉल जागा होतो. एक आजी तांदूळ कुठला होता ते विचारतात. दुसऱ्या म्हणतात, तांदूळ नाही, तळण चुकलं असेल. कर्णावर बोललेले निवृत्त गृहस्थ कधी नव्हे ते पुस्तक हातात घेऊन समासातल्या नोंदी वाचू लागतात. 1970 सालच्या पुस्तकाशी एक बाई वर्षानुवर्षे भांडते आहे आणि त्या भांडणात सगळ्यांनाच भाग घ्यायचा आहे, असे दृश्य दिसू लागते.

अशा वेळी अध्यक्षांनी घड्याळ दाखवावे. 'पाककृती साहित्यात मोडत नाहीत' असे समजुतीच्या सुरात सांगावे. तरीही कुणी 'बरोबर आहे, पण गूळ चिकीचा होता का?' असे विचारलेच, तर आभारप्रदर्शन ताबडतोब सुरू करावे.